शेवटची वीत

एल्विरा मला आजी म्हणायची. ती अठ्ठावन्न वर्षांची आणि मी सदुसष्ट, म्हणजे फार तर ताई शोभलं असतं. पण लायब्ररीतली सगळी मुलं मला आजी म्हणतात हे तिने ऐकलं आणि तिला वाटलं, हे माझं नावच आहे. पुढे माझ्या नातीने, निधीने, तिला अर्थ सांगितला तेव्हा ती इतकी हसली की हातातला ब्रश खाली पडला. नाव मात्र तेच राहिलं.

मी वेंगुर्ल्याला चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. हे गेल्यापासून वर्षातले सहा महिने मुलाकडे, राजसकडे, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला येते. राजस आणि सून चैत्राली दिवसभर मीटिंगमध्ये असतात, म्हणून गेल्या मे महिन्यात निधीला लायब्ररीतल्या चित्रांच्या वर्गाला मी घेऊन गेले. चौदा मुलं आणि शिकवायला एकटी एल्विरा. कुणी पाणी सांडत होतं, कुणी दुसऱ्याच्या गालाला रंग लावत होतं. मी न विचारता फडकं घेतलं. पुढच्या शनिवारी तिने माझ्यासाठी खुर्ची मांडून ठेवली होती. तिचं इंग्रजी मोडकं, माझंही मोडकं. दोन मोडक्या इंग्रजींचं छान जमतं, कारण कुणीच घाई करत नाही.

एल्विरा मूळची स्पेनची. उत्तरेकडच्या किनाऱ्यावर लहानसं बंदर आहे, तिथली. ती फक्त समुद्र रंगवायची. मालवाहू जहाजांवर स्वयंपाकघरात काम करत, मिळेल त्या बोटीवर चढत ती जग फिरली होती. आणि त्या सगळ्या फिरण्याचा एकच कागद तिच्याजवळ होता. लांबच लांब, जाड, गुंडाळी करून कापडी पिशवीत ठेवलेला. ज्या किनाऱ्याला ती पोहोचली तिथलं पाणी घेऊन, त्याच पाण्यात रंग कालवून, त्या कागदावर तिने एक पंजाभर समुद्र रंगवला होता. पंजा ताणून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत मोजून दाखवायची ती.

"ह्याला आमच्याकडे वीत म्हणतात," मी मुलांना सांगितलं.

लगेच चौदा विती टेबलावर पसरल्या. ओजस नावाचा सहा वर्षांचा मुलगा आपला हात निरखून म्हणाला, "आजी, माझी वीत छोटी आहे. मग माझा समुद्र पण छोटा?"

"तू मोठा होशील तसा तोही होईल," मी म्हटलं.

कागदावर चाळीस विती भरल्या होत्या. पाणी सुकलं तरी मीठ मागे राहतं. कागद खिडकीकडे धरला की ते मीठ चमकायचं, आणि मुलं जवळ सरकायची. एकेचाळिसावी वीत कोरी होती. ती तिच्या स्वतःच्या बंदराची.

बाविसाव्या वर्षी वडिलांशी भांडून ती घरातून निघाली होती. त्यांचं म्हणणं, बंदरावर राहा, माशांचा लिलाव सांभाळ. ती म्हणाली, समुद्राच्या पलीकडे काय आहे ते मला बघायचंय. जाताना तिने बंदरातलं पाणी औषधाच्या एका बाटलीत भरून घेतलं. का घेतलं, ते तिलाही सांगता येत नव्हतं. अकरा वर्षं वडील तिच्याशी बोलले नाहीत. मग एका रविवारी त्यांचा फोन आला आणि त्यानंतर दर रविवारी येत राहिला. ती शेवटची वीत त्यांच्यासमोर बसून रंगवायची, त्यांना दाखवायची, असं तिने कधीचं ठरवलं होतं.

पण आता तिला जाता येत नव्हतं. तिची मुलगी क्लारा आणि चार वर्षांचा नातू इथे जर्सीत. ती त्यांच्याजवळ राहिली आणि राहता राहता कागदपत्रांची मुदत उलटून गेली. आता देशाबाहेर पाऊल टाकलं तर दहा वर्षं परत येता येणार नाही, असं वकिलाने तिला सांगितलं होतं. वडील नव्वदीला आलेले, अंथरुणावर. त्यांना डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. उजळ रंगाचे डाग तेवढे कळायचे.

हे ती मला सांगत होती तेव्हा मी ब्रश धूत होते. मी म्हटलं, "माझा मुलगाही असाच अडकला होता." तीन वर्षांपूर्वी हे गेले तेव्हा राजसचा व्हिसा कुठल्याशा टेबलावर पडून होता. त्याने सगळं फोनवर पाहिलं. फोन मीच धरला होता, माझा हात हलत होता आणि तो पलीकडून म्हणत होता, "आई, जरा स्थिर धर ना." एल्विराने ऐकलं आणि माझ्या हातातले ब्रश घेऊन उरलेले स्वतःच धुतले.

क्लाराची कागदपत्रं मात्र नीट होती. जूनमध्ये ठरलं की तीच जुलैत आजोबांना भेटायला जाणार आणि गुंडाळी घेऊन जाणार. म्हणजे शेवटची वीत इथेच पूर्ण करायला हवी. अडचण एकच होती. वडिलांची बोट पिवळी होती, आणि तो पिवळा एल्विराला कुठल्या ट्यूबमध्ये सापडत नव्हता.

"सगळे पिवळे ओरडतात," ती म्हणाली. "आमची बोट ओरडत नव्हती. आतून तापल्यासारखी दिसायची."

पुढच्या शनिवारी मी डब्यातून हळद नेली. तसाही मुलांना घरगुती रंग दाखवायचा माझा विचार होता. तिने ओल्या ब्रशने हळद कागदावर ओढली आणि खुर्चीत बसली. मग म्हणाली, "आजी, ही तुझ्या स्वयंपाकघरात होती?"

"रोज असते. आमटीत घालतो."

"आमच्या बोटीची तुम्ही आमटी करता?" ती म्हणाली, आणि मुलं खो-खो हसली.

रंग द्यायचा तर त्याचा गुण आणि खोड दोन्ही सांगायला हवं, ही माझी जुनी सवय. मी हळदीत बुडवलेलं पांढरं फडकं आणलं होतं. त्यावर निधीने मेपलचं पान ठेवलं, वर काच ठेवली आणि आम्ही ते लायब्ररीच्या पायरीवर उन्हात मांडलं. दुपारी मुलांना न्यायला आईवडील आले तेव्हा पान उचललं. फडकं पांढरट झालेलं आणि मधोमध पानाचा पिवळाधमक आकार. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"उन्हाला हळद फार आवडते," मी सांगितलं. "दिसली की खाऊन टाकतं."

एल्विराही टाळ्या वाजवत होती. मी तिला हळूच म्हटलं, "कळलं ना? हा रंग टिकणारा नाही. विचार कर."

ती म्हणाली, "नव्वद वर्षांच्या माणसासाठी किती टिकायला हवा?"

जुलैच्या दुसऱ्या बुधवारी तिने शेवटची वीत रंगवली. निधीला आणि मला बोलावलं होतं. फोन टेबलावर उभा केलेला, पलीकडे वडील उशीला टेकून. त्यांना कागद दिसत नव्हता, पण ऐकू स्वच्छ येत होतं. ती काय काढतेय ते सांगायची आणि ते दुरुस्त करायचे. स्पॅनिश मला कळत नाही, पण बाप चुका काढतोय हे कुठल्याही भाषेत कळतं. बोटीचं पुढचं टोक तिने तीनदा बदललं. छत्तीस वर्षं जपलेली बाटली उघडली तेव्हा त्यात जेमतेम दोन चमचे पाणी उरलं होतं. निम्मं तिने निळ्यात घातलं, निम्मं हळदीत. बाटली उलटी करून शेवटचा थेंबही ब्रशवर झटकला. कागदाच्या अगदी उजव्या टोकाला, बंदरात, पिवळी बोट उभी राहिली. वडील काहीतरी म्हणाले आणि एल्विराने तोंडावर हात घेतला.

"काय म्हणाले?" निधीने विचारलं.

"म्हणाले, आता घेऊन ये, मी बघतो."

गुरुवारी त्यांना ताप आला. शुक्रवारी बोलणं जवळजवळ थांबलं. क्लाराचं विमान रविवारी रात्री नऊचं होतं.

त्याच दोन दिवसांत इथे धो-धो पाऊस. एल्विरा एका घराच्या तळघरातल्या खोलीत राहायची. तिथे भिंतींना ओल आली आणि कागदातलं मीठ पाझरायला लागलं. हे मला नवीन नव्हतं. पावसाळ्यात आमच्याकडे मिठाच्या बरणीला असंच पाणी सुटतं, म्हणून आम्ही मिठात तांदळाचे दाणे टाकतो. शुक्रवारी संध्याकाळी ती गुंडाळी छातीशी धरून आमच्या दारात आली.

"तुमच्याकडे एसी आहे. दोन दिवस ठेवशील? क्लाराच्या घरी नको. माझा नातू स्केचपेन घेऊन झोपतो."

"ठेव," मी म्हटलं. "अगदी निश्चिंत राहा."

तिने मला दोन गोष्टी सांगितल्या. ओली असताना घट्ट गुंडाळू नकोस. मिठावर हात फिरवू नकोस. उन्हाबद्दल ती काही बोलली नाही. बोलायची गरजच नव्हती, ते तिला मीच शिकवलं होतं.

शनिवारभर गुंडाळी माझ्या खोलीत टेबलावर सैल पडून होती. रविवारी सकाळी पाहिली तर बाकी सगळी बरी, पण शेवटच्या पाच-सहा विती अजून मऊ लागत होत्या. बोट लावलं तर चिकट. संध्याकाळी पाचला एल्विरा न्यायला येणार, नंतर ती नळकांड्यात घट्ट बसवायची आणि विमानात सात-आठ तास. ओली गेली असती तर मीठ आणि रंग एकमेकांना चिकटून सगळाच चिखल झाला असता. मला दुसरं काही सुचेना.

नऊच्या सुमारास ढग पांगले. तीन दिवसांनी ऊन पडलं. लखलखीत, धुतल्यासारखं. राजस आणि चैत्राली निधीला मैत्रिणीच्या वाढदिवसाला फ्रीहोल्डला घेऊन निघाले होते. चैत्राली जाता जाता म्हणाली, "आई, गोधडी बाहेर टाका हं वाटलं तर. छान ऊन आहे आज."

मी गोधडी टाकली. मग उशा टाकल्या. कुबट वास यायला लागलेलं रव्याचं पातेलं घरामागच्या लाकडी डेकच्या कठड्यावर ठेवलं. जन्मभर हेच केलंय. पाऊस उघडला की ओल धरलेली प्रत्येक वस्तू घरातून बाहेर काढायची आणि तिला ऊन दाखवायचं. पुस्तकं, पैठणी, शाळेचे नकाशे. हात आपोआप चालतात. त्याच हातांनी मी गुंडाळी बाहेर आणली.

खरं सांगते, त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त ओल होती.

डेकवर स्वच्छ चादर अंथरली. चांगला सुकलेला भाग गुंडाळलेलाच ठेवला, शेवटच्या विती तेवढ्या उलगडल्या. वाऱ्याने उडू नये म्हणून उजव्या कोपऱ्यात स्टीलची वाटी ठेवली. चित्राच्या मधे काही येऊ नये म्हणून अगदी कडेला. अधूनमधून येऊन बघत होते. कागद छान कडक होत होता. मीठ परत चमकायला लागलं. मला इतकं बरं वाटलं की मी आत जाऊन एल्विरासाठी शिरा करायला घेतला. उजेडात डोळे दिपत होते, म्हणून मी दर वेळी फक्त बोटाने दाबून बघत होते. चित्राकडे पाहिलंच नाही.

चारला गाडी आली. निधी हातात फुगा घेऊन मागच्या दाराने थेट डेकवर धावली. मी आत वेलची कुटत होते.

"आजी, व्हेअर इज द बोट?"

मी म्हटलं, "आहे ना, शेवटी बघ."

ती कागदाशी वाकली. मग दारात येऊन उभी राहिली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

"आजी, बट सन ईट्स हळद. यू टोल्ड अस."

मी बाहेर गेले. निळं पाणी होतं. बंदराची भिंत होती, तिची पाण्यातली सावली होती. बोटीच्या जागी पेन्सिलच्या रेषा आणि मळकट पांढरा डाग. मी वाटी उचलली. तिच्याखाली, कागदाच्या अगदी कडेला, बोटीच्या मागच्या टोकाचा तुकडा तसाच राहिला होता. नखाएवढा चंद्रकोरीसारखा पिवळा.

राजस धावत आला. "आई, फोटो असेल ना कुणाकडे? आपण प्रिंट..."

"प्रिंट काय करायचंय," चैत्राली म्हणाली. "हळद आहे घरात. आई, तुम्हीच भरा ना परत. रेषा आहेत की. कुणाला कळणारेय?"

चैत्रालीने वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. मीही वाटीत हळद घेतली, खोटं कशाला सांगू. पाणी घातलं. ब्रश उचलला. तेव्हा आठवलं की बाटली रिकामी आहे. नळाचं पाणी हातात होतं आणि कागदावर छत्तीस वर्षं जपलेलं मीठ. माझ्या हाताने ते विरघळलं असतं. शिवाय ती बोट त्या दोघांनी मिळून काढली होती. मुलांच्या चित्रावर बाईंनी आपला ब्रश फिरवायचा नाही, हे मी नव्या शिक्षिकांना किती वेळा सांगितलंय. मी तशीच बसून राहिले आणि बेल वाजली.

एल्विराने आधी माझं तोंड पाहिलं, मग वाटी, मग ब्रश. ती डेकवर गेली. मी मागे गेले नाही, जाववेना. काचेतून दिसत होती. गुडघ्यांवर बसली. वाकून त्या पिवळ्या तुकड्याकडे बघत राहिली. हात लावला नाही.

मी दारात जाऊन म्हटलं, "मी ऊन दाखवलं. ओली होती म्हणून."

ब्रश अजून हातातच होता.

"ओली होती," ती म्हणाली. "हो." मग माझ्याकडे वळून, "तुला माहीत होतं, आजी."

रागावून म्हणाली असती तर मला सोसलं असतं. ती फक्त सांगत होती, मुलं गणिताचं उत्तर सांगतात तशी.

"त्यांना परत विचारून काढता नाही येणार का? फोनवर?" राजसने विचारलं.

"ते आता बोलत नाहीत," एल्विरा म्हणाली. तिने गुंडाळी सावकाश वळली. चांगली सुकली होती. नळकांड्यात अलगद बसली. शिरा कुणी खाल्ला नाही. जाताना तिने निधीच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि गेली. त्या मान हलवण्याचा अर्थ मी अजून लावते आहे.

पुढच्या शनिवारी जाऊ की नको, ठरत नव्हतं. निधी म्हणाली, "वी हॅव टू गो, आजी. ब्रश कोण धुणार?" म्हणून गेले. माझी खुर्ची नेहमीच्या जागी होती. एल्विरा मुलांना लाटेची पाठ कशी काढायची ते दाखवत होती. बारा वाजता मुलं गेल्यावर तिने फोन माझ्यासमोर ठेवला.

क्लाराने पाठवलेला व्हिडिओ होता. लहानशी खोली, पलंगावर कागद पसरलेला. दोन्ही टोकं जमिनीवर लोंबत होती, इतका लांब. म्हाताऱ्याची बोटं मिठावरून हळूहळू सरकत होती. क्लारा एकेका समुद्राचं नाव घेत होती. तिने शेवटची वीत त्यांच्या डोळ्यांजवळ उचलली. ते खूप वेळ बघत राहिले. मग ओठ हलले. क्लाराने फोन तोंडाजवळ नेला होता म्हणून तेवढं ऐकू आलं, दोन-तीन शब्द.

"विचारतात, बोट कुठे," एल्विरा म्हणाली. "चार दिवसांत पहिल्यांदा बोलले. क्लाराला काही सुचेना, तिने मला फोन लावला. मी म्हटलं, बाबा, कडेला बघा. पिवळं दिसतंय? ते मागचं टोक आहे. ती बंदरातून बाहेर निघालीय."

"मग?"

"मग म्हणाले, हो, दिसतंय. बरोबर आहे, ह्या वेळेला ती निघतेच."

मला हुंदका आला. वाटलं, देवाने सावरलं. मी तिचा हात धरला. तिने तो सोडवला नाही, पण धरलाही नाही.

"पलंग खिडकीकडे फिरवायला लावलाय," ती म्हणाली. "रोज सकाळी क्लाराला विचारतात, आली का. जेवायला दिलं तर म्हणतात, थांब, ती आल्यावर. क्लारा मला फोन करते, आई, मी काय सांगू?"

"तू काय सांगतेस?"

"आज वारा पडलाय, म्हणते. काल म्हटलं, मासे खूप मिळालेत, वेळ लागेल." तिने फोन उलटा ठेवला. "आजी, तुमच्याकडे बोट परतायला किती वेळ लागतो?"

"संध्याकाळी गेली तर सकाळी येते."

"आमच्याकडेही," ती म्हणाली.

चौतीस वर्षांत मुलांनी मला काय काय विचारलं. माहीत नसलं तर मी म्हणायचे, उद्या बघून सांगते. एल्विरा माझ्याकडे बघत होती आणि मला तेवढंही म्हणता येईना. टेबलावर चौदा ब्रश पडले होते. मी ते उचलले आणि नळाखाली धरले. थोड्या वेळाने ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. पाणी निळं होऊन वाहत होतं. धुऊन झाले तरी नळ आम्ही दोघींनी बराच वेळ बंद केला नाही.